जांभळी साडी कोणाची

फोटो रविवारी काढायचा होता आणि सोमवारीच आमच्या घरच्या ग्रुपवर रंगांची पट्टी येऊन पडली. भिंतीला रंग काढायचा असला की दुकानदार दाखवतो ना, तशी. पाच चौकोन. मला पाचही सारखेच दिसले. चष्मा पुसून पाहिलं, तरी सारखेच. खाली सुनेनं लिहिलं होतं, "सगळ्यांनी यातलाच रंग घालायचा, प्लीज. नो प्रिंट, नो जरी."

मी स्वयंपाकघरातूनच तिला विचारलं, "अगं, यातला कोणता कोणता ते तरी सांग."

"आई, पहला आयव्हरी, दुसरा बेज, मग सँड, मग ओटमील..."

"ओट्स मी खाते बाई, डॉक्टरनं सांगितलंय म्हणून. नेसायला नाही सांगितलं त्यानं."

ती हसली. आमची सून लखनौची. मराठी छान बोलते, पण घाईत असली की अर्धं वाक्य हिंदीत उतरतं. ती घाईतच असते. नोएडातल्या ऑफिसला जायचं, यायचं, लेकीचं दहावीचं बघायचं, आणि त्यात हा फोटो. फोटोची कल्पना मात्र तिची नव्हती, मुलाची होती. मी मटार सोलत बसले होते, तो फ्रिजपाशी उभा राहून तिला हळू आवाजात म्हणाला, "बाबा आहेत तसे आहेत तोवर एक नीट फोटो होऊन जाऊ दे." त्याला वाटलं मला ऐकू गेलं नाही. माझे गुडघे गेलेत, कान चांगले आहेत.

बाबा म्हणजे आमचे हे. केंद्र सरकारात छत्तीस वर्षं फायली हलवल्या, आणि आता दोन वर्षं झाली, विसरतात. जेवलेलं विसरतात, मुलाला कधी धाकटा भाऊ समजतात, पेपर वाचून झाला की पुन्हा पहिल्या पानापासून घेतात. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती, ती आता सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या घरात लग्न झाल्यापासून एकच रीत. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. दूधवाला हिंदी, शेजारीण हिंदी, साहेब हिंदी. दार लावलं की मराठी. पन्नास वर्षं दिल्लीत काढली तरी यांनी कधी चुकून परक्याशी मराठी किंवा घरात हिंदी केलं नाही. तर ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी चहा घेऊन गेले, त्यांनी वर पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "बहनजी, अख़बार आ गया क्या?"

मला लगेच कळलं. मी माझ्याच घरात उभ्या उभ्या उंबऱ्याबाहेर गेले होते.

पहिल्यांदा मी म्हटलं, "अहो, मी आहे." तर ते इतके ओशाळले, इतके ओशाळले, की उठून सगळ्या खोल्यांत मला शोधून आले. मी त्यांच्या मागे मागे. त्यानंतर मी दुरुस्त करायचं सोडलं. ते हिंदीत बोलले की मी हिंदीत उत्तर देते. मराठीत बोलले की त्या दिवशी माझी दिवाळी. मुलगा-सून घरात असले की मी बोलणं असं फिरवते, की ते माझ्याशी बोलायची वेळच येत नाही. चार महिने कुणाला पत्ता लागला नाही.

म्हणून फोटोचं ऐकलं तेव्हा मी एकच धरून बसले. बाकीच्यांनी वाळू घाला नाहीतर ओट्स घाला. एक फोटो मला असा हवा होता, की त्यात हे शेजारी बसलेत आणि शेजारी कोण बसलंय ते त्यांना माहीत आहे. बस.

आता माझं डोकं कसं चाललं बघा. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात होतो तोवर मी साडीशिवाय काही नेसले नाही. नोएडाला मुलाकडे आलो, गुडघे धरले, मग कुरता आणि सैल सलवार सुरू झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी कधी नव्हे ती साडी नेसले होते, तेव्हा दारातून जाताना हे म्हणाले होते, "अगं, किल्ली घेतलीस का?" मराठीत! मी हिशेब लावला की हे साडीतली बाई शोधताहेत. सलवारीतली त्यांना परकी वाटते. आता कोणती साडी एवढंच ठरवायचं राहिलं.

मंगळवारी हिरवी नेसून चहा नेला. "थैंक यू जी."

बुधवारी निळी चौकटीची इरकल. घोट घेतला आणि म्हणाले, "साखर विसरलीस." त्या तक्रारीनं मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन साखरेचा डबा हातात धरून तशीच उभी राहिले. सून म्हणाली, "आई, क्या हुआ?" म्हटलं, काही नाही, मुंग्या आहेत का बघतेय.

गुरुवारी तीच इरकल. तोच कप, तीच खुर्ची, साखरही मुद्दाम घातली नाही. "आप कब आईं?"

आता याला काय म्हणायचं? साडी तीच, मी तीच. मी दुपारभर विचार करत बसले. इरकल काल नवी होती आणि आज जुनी झाली की काय? का साडीचा संबंधच नाही आणि काल माझं नशीब बरं होतं? आपण औषध शोधतोय का आंधळी कोशिंबीर खेळतोय तेच समजेना.

शुक्रवारी सकाळी सून माझ्यासाठी साडी घेऊन आली. तिनं ऐकलं होतं मला साडीच नेसायचीय, तर पट्टीतल्या रंगाची घेऊन आली बिचारी. आयव्हरी. रेशमी, मऊ, अंगावर काही आहे असं वाटू नये अशी. स्वतः निऱ्या धरल्या, पिना लावल्या आणि म्हणाली, "चलो, बाबांना दाखवू."

ह्यांनी बराच वेळ पाहिलं. वरून खाली, खालून वर. मग हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

मराठी ऐकून माझा जीव वर आला आणि प्रश्न ऐकून खाली गेला. म्हटलं, "कुणी नाही हो."

"मग मी गेलो की काय?"

आता हे ऐका. हा माणूस जन्मभर असाच चेहरा न हलवता विनोद करत आला. ऑफिसातल्या निम्म्या लोकांना कधी कळलं नाही हे चेष्टा करताहेत. मी हसले. ते नाही हसले. मग मी हसतेय म्हणून हसले. म्हणजे चेष्टा होती, का नव्हती? सुनेला त्यातली मेख कळली नाही बहुतेक, ती पिना गोळा करत म्हणाली, "आवडली ना बाबांना?"

म्हटलं, "फार." आणि पांढरी साडी घडी करून ठेवून दिली.

त्याच दुपारी नातीनं मला पकडलं. शाळेतून आली, दप्तर टाकलं, आणि गॅलरीच्या दाराशी थबकली. हे उन्हात बसून मला म्हणत होते, "बहनजी, ज़रा पानी मिलेगा?" ती आत येऊन फिस्सकन हसली. "आजी, आजोबा तुला बहनजी म्हणतायत? सो क्यूट!" मग तिनं माझं तोंड पाहिलं. हसणं थांबलं. माझ्याजवळ बसली, टोपलीतले कच्चे मटार खात राहिली.

"मम्मीला माहितीय?"

"नाही."

"पप्पांना?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस. मला रविवारपर्यंत साडी शोधायचीय, ती मिळाली की सगळं नीट होईल." मग तिला इरकलची, साखरेची, सगळी कथा सांगितली.

ती पंधरा वर्षांची आहे. म्हणाली, "आजी, तू त्यांची टेस्ट का घेतेयस? त्यांना बिचाऱ्यांना पेपर कुठल्या सब्जेक्टचा आहे तेच माहीत नाही. सरळ विचार ना, काय घालू?"

खरं सांगते, एक्कावन्न वर्षांत मी यांना हे विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मान वर न करता "चांगली आहे" म्हणाले असते, मी अगदी घोंगडी पांघरून उभी असते तरी. पण आता वेगळं होतं. आता मी परकी बाई होते. परक्या बाईला हे नीट उत्तर देतात.

गॅलरीत गेले, पाणी दिलं, समोरच्या वेताच्या मोढ्यावर बसले. "साहब, एक बात पूछूँ? इतवार को मुझे अपने मिस्टर के साथ फोटो खिंचवानी है. समझ नहीं आ रहा क्या पहनूँ."

त्यांनी पेपर घडी केला. "इसमें मैं क्या बताऊँ? अपने मिस्टर से पूछिए."

"वो कुछ बताते ही नहीं."

"हाँ," ते म्हणाले, अगदी सहानुभूतीनं, "कुछ लोग ऐसे होते हैं."

दाराआड नातीनं तोंडावर हात दाबला होता.

मग आपणच म्हणाले, "मेरी मिसेज़ जामुनी पहनती हैं. दूर से पहचान में आ जाती हैं. मैं बस से उतरता हूँ तो गेट से ही दिख जाती हैं."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "कहाँ हैं आपकी मिसेज़?"

"घर पर होंगी. राह देख रही होंगी." मग एकदम अस्वस्थ झाले. "पाँच की बस निकल गई क्या?"

"नहीं जी, अभी बहुत टाइम है," म्हटलं, आणि आत आले.

आत आले आणि कपाट उघडलं. जांभळी साडी माझ्याकडे नाही. आता नाही म्हणजे कधीच नव्हती. माहेरी जांभळा रंग कुणाला आवडायचा नाही, लग्नात आला नाही, नंतर मी घेतला नाही. तरी सगळं कपाट पलंगावर काढलं. नात म्हणाली, "आजी, मग आजोबांची ती... दुसरी कोणी?"

"गप्प बस, मेले."

पण डोक्यात आलंच. क्वार्टरात आमच्यासमोर एक बंगाली बाई होती, मोठं कुंकू, मोठा अंबाडा, आणि जांभळं रेशीम नेसून गच्चीवर केस वाळवायची. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला त्या बाईचा राग आला. ती बिचारी कधीच कलकत्त्याला परत गेली. आणि मी पलंगावरच्या साड्यांच्या ढिगाऱ्यात बसून विचार करतेय, की गेटातून दिसायची ती मी का ती?

शेवटी म्हटलं, असू दे. कोणी का असेना, यांना जी दुरून ओळखू येते ती बाई जांभळं नेसते. आपण जांभळं नेसू.

संध्याकाळी सून इस्त्री करत होती. तिला सांगितलं, तर तिचे डोळे मोठे झाले. "पर्पल? आई, पूरा फ्रेम बिगड़ जाएगा! सगळे बेज आणि मधोमध तुम्ही जामुन?"

मग मला सांगावंच लागलं. ऑक्टोबरपासूनचं सगळं. तिनं आधी इस्त्रीचं बटण बंद केलं. शहाणी आहे. मग म्हणाली, "चार महीने? आणि तुम्ही एकट्याच?"

"एकटी कुठं? ते असतातच की समोर."

तिनं मुलाच्या कुरत्याची बाही दोनदा उलटी-सुलटी केली. मग म्हणाली, "कल सुबह चलते हैं. मेट्रोनं. सरोजिनी नगर."

"साडी इथं नोएडात मिळत नाही का?"

"मिळते. पण तुम्ही तेव्हा जिथून घ्यायच्या, तिथूनच घेऊ ना."

सरोजिनी नगरचा बाजार म्हणजे आता पोरींच्या टॉपांचे ढीग आणि त्यात बुडालेल्या पोरी. आमची क्वार्टरं पाडून तिथं उंच इमारती झाल्यात, तिकडे मी पाहिलंच नाही. मागच्या गल्लीत साड्यांचं एक जुनं दुकान तग धरून आहे. दुकानदारानं विचारलं, "माताजी, जामुनी में कौन सा? जामुनी, बैंगनी, फालसा, प्याज़ी?" आणि बारा साड्या पसरल्या. झालं. पट्टीतले पाच रंग सारखे दिसत होते, हे बाराच्या बारा वेगळे. दुसऱ्याच्या डोक्यातला, चाळीस वर्षांपूर्वीचा रंग मी कसा ओळखू?

तर सून उठली, चपला घातल्या, आणि दुकानाबाहेर जाऊन गल्लीच्या पलीकडे, बेल्टच्या हातगाडीपाशी उभी राहिली. तिथून ओरडली, "आई, एक एक करके कंधे पे डालिए!" मी टाकली. मध्ये ही गर्दी, पिशव्या, भाव करणाऱ्या पोरी. त्यांच्या डोक्यांवरून सुनेचा आवाज, "नहीं! अगली!" दुकानदार म्हणाला, "मैडम वहाँ क्या कर रही हैं?" म्हटलं, "बस से उतर रही हैं." सातव्या की आठव्या साडीला तिनं दोन्ही हात वर केले. ती घेतली.

रविवारी गाडीत हे पुढच्या सीटवर, बदामी कुरता घालून, छान दिसत होते. मी मागे मधोमध. सुनेनं रात्री मुलाला सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण सकाळपासून तो माझ्याशी जरा जास्तच प्रेमानं बोलत होता. सिग्नलला थांबला तेव्हा त्यानं आरशात मला पाहिलं. इंग्रजीत बायकोला काही विचारलं, तिनं इंग्रजीत सांगितलं. मग तो म्हणाला, "जांभळी साडी? आई, साडी कुठली, तुझा स्वेटर होता जांभळा. मी दुसरीत असेन. पुढे पांढरी वेल विणलेली होती."

होता. अगं बाई, होता! लॉनवर उन्हात बसून मीच विणला होता, सगळ्या बायका विणायच्या तिथं. दिल्लीच्या थंडीत साडी कोणतीही नेसा, चार महिने वरून स्वेटरच दिसतो. किती हिवाळे वापरला असेन, मग बोहारणीला देऊन पातेलं घेतलं.

"आधी का नाही बोललास?"

"मला कोणी विचारलं?"

सून पुढे वाकली. "रास्ते में कहीं स्वेटर..."

"फेब्रुवारी संपत आलाय, घामानं मरेन. चल, चालव गाडी," म्हटलं. पण मनात नुसता गोंधळ. स्वेटर खरा, का साडी खरी? मुलगा दुसरीतलं सांगतोय, त्याचं तरी काय खरं? आणि मी नव्याकोऱ्या साडीत बसलेय, जी यांनी कधी पाहिलेलीच नाही.

स्टुडिओत केस कापलेली एक हसरी मुलगी फोटो काढणार होती. तिथं अर्थातच सगळं हिंदी. ह्यांची तब्येत एकदम खुलली. तिला सांगायला लागले, "लाइट इधर से लीजिए." ती म्हणाली, "जी अंकल." मग सोफ्यापाशी आले, मला पाहिलं, आणि हात पुढे करून म्हणाले, "आइए, आप यहाँ बैठिए."

म्हटलं, गेले पुन्हा उंबऱ्याबाहेर. आणि मग मला आठवलं, की बाहेर चारचौघांत हे माझ्याशीसुद्धा हिंदीतच बोलायचे! नियमच होता त्यांचा. मराठीत कुजबुजलं की लोकांना वाटतं आपल्याबद्दलच चाललंय. साहेबांच्या घरी जेवायला गेलो तर मला म्हणायचे, "आप थोड़ा और लीजिए ना," आणि घरी येऊन आम्ही त्यावर पोट धरून हसायचो. मग आता हे हिंदी कोणतं? बायकोशी चारचौघांत बोलायचं, का अनोळखी बाईशी बोलायचं? मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. अदब होती. अदब दोन्हीकडे सारखीच असते.

एकदा "अहो" म्हणून बघावं असं ओठांवर आलं. मराठीत उत्तर आलं असतं तर कळलं असतं. हिंदीत आलं असतं तरी कळलं असतं. मी 'अहो' म्हटलंच नाही.

ती मुलगी म्हणाली, "अंकल, थोड़ा पास. आंटी के कंधे पर हाथ रखिए."

हात आला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, मग जरासे वाकले आणि विचारलं, "आपको एतराज़ तो नहीं?"

सगळा स्टुडिओ हसला. ती मुलगी तर कॅमेरा खाली करून म्हणाली, "अंकल कितने रोमांटिक हैं!" मुलगाही हसला. सून आणि नात नाही हसल्या.

मी म्हटलं, "नहीं जी. रखिए."

त्यांनी हात ठेवला. अगदी हलका, नवीन साडी चुरगळू नये इतका.

बुधवारी फोटो आले, साठ-सत्तर. एक मोठा करून घ्यायचा होता. मुलानं निवडला तो चांगलाच आहे, सगळे सरळ बसलेत, सगळे बेज, मधोमध मी जामुन. पण मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. त्यात हे वाकलेत, त्यांचा हात हवेत आहे, खांद्यावर अजून टेकलेला नाही. मी मान वर करून त्यांच्याकडे बघतेय.

मुलगा म्हणाला, "आई, यात तुझं तोंड उघडं आहे. बाबा कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नाहीयेत."

"हाच कर."

"का पण?"

"त्यात ते मला काहीतरी विचारताहेत," म्हटलं, "आणि मी उत्तर देतेय. बाकीच्यांत आम्ही दोघं नुसतेच त्या पोरीकडे बघत बसलोय."

सुनेनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि तोच मोठा करायला पाठवला.